अथेन्स नगरीचें पार्थेनॉन मंदिर

ग्रीस देशाच्या इतिहासाचें कोणतेंही पुस्तक उघडलें, तर एका भग्न मंदिराचें चित्र त्यांत बहुधा आढळतेंच. उंच खडकावर पिवळसर दगडाचे खांब ओळीनें उभे आहेत. वर छप्पर नाहीं. आंतल्या भिंती ढांसळल्या आहेत. आणि खांबांच्या मधून निळें आकाश दिसत आहे. हेंच अथेन्सचें पार्थेनॉन. चित्र पाहून विद्यार्थ्यांच्या मनांत सहज प्रश्न येतो कीं, ज्याचें छप्परही उरलें नाहीं अशा इमारतीची एवढी थोरवी ती कसली? जगांत ह्याहून मोठीं, ह्याहून उंच व ह्याहून अधिक नक्षीकामाचीं मंदिरें कितीतरी आहेत. मग शिल्पज्ञ आणि पंडित गेलीं दोनशें-अडीचशें वर्षें ह्याच मंदिराचा चिरान् चिरा मोजीत कां बसले आहेत? ह्या प्रश्नाचें उत्तर आमच्या विद्यार्थ्यांपुढें आणि त्यांच्या आईबापांपुढें यथामति मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अथेन्स शहराच्या मध्यभागीं, भोंवतालच्या सपाटीवर उठून दिसणारी एक खडकाळ टेकडी आहे. तिचा माथा सपाट असून तो समुद्रसपाटीपासून सुमारें १५० मीटर उंच आहे. ह्या टेकडीस आक्रोपोलिस, म्हणजे नगराचा उंच भाग, असें म्हणतात. फार प्राचीन काळीं तेथें गढी होती. पुढें तें देवस्थान झालें. अथीना ही त्या नगराची रक्षक देवता. युद्धाची देवता म्हणून लोक तिला भजत, तसेंच बुद्धीची व हस्तकौशल्याची देवता म्हणूनही भजत. मागावर बसणारी स्त्री, चाक फिरविणारा कुंभार आणि लांकूड तासणारा सुतार हीं सारीं तिला आपली मानीत. तिचें एक विशेषण 'पार्थेनॉस', म्हणजे कुमारी, असें होतें. त्यावरून ह्या मंदिरास पार्थेनॉन हें नांव पडलें.

आज दिसणारें मंदिर हें त्या जागेवरील पहिलें मंदिर नव्हे. इ. स. पू. ४९० मध्यें मॅरॅथॉन येथें इराणी सैन्याचा पराभव झाल्यावर अथेन्सच्या लोकांनीं येथें एक संगमरवरी मंदिर उभारण्यास आरंभ केला होता. तें अर्धवट असतांनाच इ. स. पू. ४८० मध्यें इराणचा बादशहा झर्कसीस प्रचंड सेना घेऊन चालून आला. लोक नगर सोडून गेले आणि शत्रूनें टेकडीवरील देवळें जाळून टाकलीं. परंतु त्याच वर्षीं सालामिसच्या सामुद्रधुनींत झालेल्या आरमारी लढाईंत, आणि पुढील वर्षीं प्लाटीआच्या रणांगणांत, ग्रीकांचा जय झाला. परत आलेल्या नागरिकांनीं जळक्या मंदिराच्या खांबांचे गोल तुकडे टेकडीच्या उत्तरेकडील तटांत ओळीनें बसविले. ते तेथें आजही दिसतात. जुन्या मंदिराचा भक्कम पाया मात्र शाबूत राहिला होता. त्याचाच उपयोग करून पुढें नवें मंदिर उभें राहिलें.

तो योग इ. स. पू. पांचव्या शतकाच्या मध्यास आला. त्या वेळीं अथेन्सचें नेतृत्व पेरिक्लीस ह्या मुत्सद्द्याकडे होतें. इराणपासून रक्षण व्हावें म्हणून अनेक ग्रीक नगरांनीं इ. स. पू. ४७८ मध्यें एक संघ स्थापिला होता, व त्यांतील नगरें जहाजें किंवा पैसा देत असत. संघाचा खजिना प्रथम डीलॉस बेटावर होता, इ. स. पू. ४५४ मध्यें तो अथेन्सला आणण्यांत आला, आणि पुढें नगराच्या इमारतींकडे त्यांतील पैसा वळला. पेरिक्लीसनंतर सुमारें पांचशें वर्षांनीं झालेला चरित्रकार प्लुटार्क सांगतो कीं, ह्या खर्चावर खुद्द अथेन्सच्या सभेंतच कडक टीका झाली. मित्रांनीं युद्धाकरितां दिलेला पैसा आपल्या नगराच्या शृंगारास लावणें हा अन्याय होय, असें विरोधक म्हणत. पेरिक्लीसचें उत्तर असें कीं, आम्ही त्यांचें रक्षण करीत आहों तोंवर पैशाचा हिशेब त्यांस देण्यास आम्ही बांधलेले नाहीं. शिवाय ह्या कामांनीं नगरांतील कारागिरांस मजुरी मिळते. आमच्या मतें विरोधकांचा आक्षेप खरा होता. सुंदर वस्तूचें वर्णन करतांना तिच्या पैशाचें मूळ लपवूं नये, म्हणून ही गोष्ट आम्ही आरंभींच सांगून ठेवितों.

इ. स. पू. ४४७ मध्यें काम सुरू झालें. इक्टिनस व कॅलिक्रेटिस हे वास्तुशिल्पी होते, आणि साऱ्या कामावर फिडिअस ह्या मूर्तिकाराची देखरेख होती. दगड पेंटेलिकॉन डोंगरांतला. हा डोंगर अथेन्सच्या ईशान्येस सुमारें १६ किलोमीटरांवर आहे. तेथील संगमरवर बारीक कणांचा असून त्यांत लोहाचा किंचित् अंश असतो. त्यामुळें ताजा कापला असतां तो शुभ्र दिसतो, आणि वर्षें लोटलीं म्हणजे त्यावर मधासारखी पिवळसर झांक येते. खाणींत चिरा मोकळा करून तेथेंच ओबडधोबड घडवीत, मग उतारावरून ओढून खालीं आणीत व बैलगाड्यांवर घालून नगरांत नेत. मंदिराचे खांब एकसंध नाहींत. दहा ते बारा गोल तुकडे एकावर एक ठेवून प्रत्येक खांब उभा केला आहे. चढवितांना कडा दुखावूं नयेत म्हणून तुकड्याच्या अंगावर थोडा अधिक दगड व उचलण्यापुरते उंचवटे राखून ठेवीत. ते काढून टाकण्याचें आणि खांबावरील उभ्या वीस पन्हळी खोदण्याचें काम तुकडे जागेवर बसल्यानंतरच होत असे.

मंदिराची रचना समजण्यास सोपी आहे. तीन मोठ्या पायऱ्यांच्या जोत्यावर तें उभें आहे. वरच्या पायरीची लांबी सुमारें ६९.५ मीटर व रुंदी सुमारें ३०.९ मीटर, म्हणजे स्थूलमानानें २२८ फूट व १०१ फूट आहे. हें प्रमाण ९ ला ४ असें पडतें. चारी बाजूंस खांबांची एक रांग आहे. पुढें व मागें आठ आठ आणि लांब बाजूंस सतरा सतरा. कोपऱ्यांतले खांब दोनदां न मोजतां बाहेरचे एकंदर खांब ४६ भरतात. प्रत्येकाची उंची सुमारें १०.४ मीटर आणि बुडाचा व्यास सुमारें १.९ मीटर आहे. खांबाच्या बुडाशीं वेगळी बैठक नाहीं. डोक्यावर उशीसारखा फुगीर भाग व त्यावर चौरस पाट एवढेंच. ह्या साध्या व भारदस्त पद्धतीस डोरिक पद्धति म्हणतात. खांबांच्या आंत भिंतींनीं वेढलेल्या दोन खोल्या होत्या. पूर्वेकडील मोठा गाभारा अथीनेच्या मूर्तीचा, व पश्चिमेकडील लहान खोली ठेवीची. छप्पर लांकडी वाशांवर संगमरवरी कौलें घालून केलेलें होतें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ग्रीक लोकांचे यज्ञ गाभाऱ्यांत होत नसत. वेदी बाहेर उघड्यावर असे. मंदिर हें मूर्तीचें आणि देवीला वाहिलेल्या धनाचें घर असे.

एवढें वर्णन वाचून कोणी म्हणेल कीं, चौकोनी जोतें, सरळ खांब आणि आडव्या तुळया ह्यांत विशेष तें काय? विशेष आहे तें ह्यांतच कीं, ह्या मंदिरांत जवळजवळ कोणतीही लांब रेषा सरळ नाहीं! जोतें सपाट दिसतें, पण मध्यभागीं तें हळूंच वर आलेलें आहे. लांब बाजूस सुमारें ११ सेंटिमीटर व आंखूड बाजूस सुमारें ६ सेंटिमीटर. खांब उभे दिसतात, पण ते सुमारें ७ सेंटिमीटर आंतल्या बाजूस कललेले आहेत. त्यांच्या रेषा आकाशांत वाढवीत नेल्या, तर दोन किलोमीटरांहून अधिक उंचीवर त्या एकमेकींस मिळतील. खांब वर निमुळता होत जातो, पण तोही सरळ रेषेनें नव्हे; मध्यें त्यास दोन सेंटिमीटरांहूनही कमी असा सूक्ष्म फुगवटा आहे. कोपऱ्यांतील खांब इतरांहून किंचित् जाड असून शेजारच्या खांबास अधिक जवळ आहेत. स्ट्यूअर्ट व रेव्हेट ह्या इंग्रजांनीं १७५१ पासून १७५३ पर्यंत अथेन्स येथें राहून मोठ्या कष्टानें मोजमापें घेतलीं, तरी जोत्याचा बांक त्यांच्या ध्यानांत आला नाहीं. पुढें पेनरोझ ह्या वास्तुशास्त्रज्ञानें १८४६-४७ मध्यें अत्यंत बारकाईनें मापें घेऊन तीं १८५१ सालीं प्रसिद्ध केलीं, तेव्हां हें गूढ नीट उलगडलें.

हा बांक कशासाठीं ठेविला? रोमन ग्रंथकार व्हिट्रूव्हिअस म्हणतो कीं, जोतें अगदीं सपाट केलें तर तें डोळ्यांस मध्यें खचल्यासारखें दिसतें. पावसाचें पाणी वाहून जाण्यास ह्या उताराची मदत होते, हेंही खरें. कांहीं विद्वानांच्या मतें अशा सूक्ष्म वक्रतेमुळें निर्जीव दगडास जिवंतपणा येतो. कारण कोणतेंही असो, त्याचा परिणाम कारागिरांवर काय झाला तो पाहावा. जोतें वांकलें कीं त्यावरील प्रत्येक खांबाचा खालचा तुकडा जरा तिरपा कापावा लागला. खांब कलले कीं वरच्या तुळयांचे कोन बदलले. आणि म्हणून एका सांच्यांत काढलेल्या विटांप्रमाणें चिरे घडविणें अशक्य झालें. प्रत्येक चिऱ्याची जागा ठरलेली, आणि प्रत्येक जागेचा चिरा निराळा. पाहणाऱ्यास मात्र ह्यांतलें कांहींच दिसूं नये, केवळ 'इमारत सुंदर आहे' एवढेंच वाटावें, अशी ही योजना होती.

आतां चिऱ्यांचे सांधे पाहूं. ह्या मंदिरांत चुना किंवा दुसरा कोणताही लेप वापरलेला नाहीं. दोन चिरे एकमेकांस इतके तंतोतंत भिडविले आहेत कीं कित्येक ठिकाणीं सांधा शोधावा लागतो. त्याची युक्ति अशी: चिऱ्याच्या बाजूचा मधला भाग किंचित् खोल खरवडून केवळ कडेची पट्टी गुळगुळीत करीत, म्हणजे टेकणारा भाग थोडा राहून तो पूर्णपणें जुळवितां येई. शेजारशेजारचे चिरे लोखंडी कड्यांनीं जखडीत. कडी बसविण्यासाठीं दोन्ही चिऱ्यांत खांच खोदीत, तींत कडी ठेवीत, आणि वितळलेलें शिसें ओतून खांच भरून काढीत. हें शिसें दोन कामें करी. हवा व पाणी लोखंडापर्यंत पोंचूं देत नसे, म्हणून गंज चढत नसे. आणि शिसें मऊ असल्यामुळें भूकंपाचा धक्का बसला तर तो सोसून घेई. खांबाच्या तुकड्यांच्या मध्यावर चौकोनी खांचांत लांकडाचे ठोकळे व त्यांत खुंटी बसवून ते एकावर एक अचूक आणीत. वरचा चिरा बसला कीं ही सारी व्यवस्था कायमची झांकली जाई. ती पाहण्यास कोणी येणार नव्हतें. तरीही तींत कसूर नाहीं. हा मुद्दा वाचकांनीं विसरूं नये, कारण पुढें ह्याच कड्यांची गोष्ट पुन्हां येणार आहे.

मंदिरावरील शिल्पांतही हीच वृत्ति दिसते. खांबांवरील तुळईच्या वर चारी बाजूंस मिळून ९२ चौकोनी शिल्पफलक होते. त्यांवर देव व राक्षस ह्यांचें, ग्रीक वीर व नराश्व ह्यांचें, अशीं युद्धें कोरलेलीं होतीं. पुढच्या व मागच्या त्रिकोणी कमानपट्टांत मोठ्या मूर्ति होत्या. पूर्वेस अथीनेचा जन्म, आणि पश्चिमेस नगराच्या स्वामित्वासाठीं अथीना व समुद्रदेव पोसायडन ह्यांच्यांत झालेली स्पर्धा. ह्या मूर्ति उंचावर भिंतीला पाठ करून उभ्या होत्या. एकदां वर चढविल्यावर त्यांची पाठ कोणासही दिसणें शक्य नव्हतें. परंतु आज संग्रहालयांत त्या खालीं ठेविल्या असतां आपल्यास असें आढळतें कीं, त्यांच्या पाठीवरही वस्त्रांच्या चुण्या व अंगाची घडण कोरलेली आहे! आंतल्या भिंतीच्या माथ्यावरून सुमारें १६० मीटर लांबीचा एक अखंड शिल्पपट्ट फिरत होता. त्यावर घोडेस्वार, बलीचे बैल, घागरी घेतलेले तरुण, आणि देवीला वाहावयाचें वस्त्र अशी एक मिरवणूक आहे. अथीनेच्या उत्सवांतील ती मिरवणूक होय, असें बहुतेक विद्वान् मानितात. हा पट्ट खांबांच्या आड, अंधुक उजेडांत होता. तो खालून पाहणाऱ्यास नीट उमगावा म्हणून शिल्पकारांनीं त्याचा वरचा भाग खालच्या भागाहून अधिक उठावदार कोरला. त्या काळीं हीं शिल्पें नुसतीं पांढरीं नव्हतीं. निळ्या-तांबड्या रंगांनीं तीं सजविलेलीं होतीं.

गाभाऱ्यांतील अथीनेची मूर्ति फिडिअसनें घडविली. ती सुमारें १२ मीटर उंच असून आंतून लांकडाची व वरून हस्तिदंत आणि सोनें ह्यांनीं मढविलेली होती. इ. स. पू. ४३८ मध्यें तिची स्थापना झाली. इतिहासकार थ्युसिडिडीस सांगतो कीं, मूर्तीवर ४० टॅलंट, म्हणजे सुमारें हजार किलो, शुद्ध सोनें होतें, आणि तें सारें काढतां येण्यासारखें बसविलेलें होतें. पुढें शत्रूंनीं फिडिअसवर सोनें चोरल्याचा आळ घेतला. प्लुटार्क म्हणतो कीं, पेरिक्लीसनें तें सोनें काढून वजन करण्यास सांगितलें आणि आळ टिकला नाहीं. सार्वजनिक पैशाचें काम अंगावर घेणाऱ्यानें आपलें काम मोजून घेतां येईल असें ठेवावें, हा केवढा शहाणपणा! बांधकामाचा जमाखर्चही वर्षावर्षाला दगडावर कोरून सर्वांच्या दृष्टीस पडेल असा उभा केला जात असे. त्या शिळांचे तुकडे सांपडले आहेत. खाणींतील मजुरांची मजुरी, गाड्यांवर दगड चढविणारांची मजुरी, मूर्तिकारांचें वेतन, इतकेंच नव्हे, तर काम झाल्यावर उरलेलें सोनें व हस्तिदंत विकून आलेली रक्कमही त्यांत नोंदलेली आहे. शिल्पें पुरीं होऊन इ. स. पू. ४३२ मध्यें काम संपलें. म्हणजे एवढें कार्य केवळ पंधरा वर्षांत झालें.

हें काम कोणाच्या हातांनीं झालें? फिडिअसचें नांव राहिलें, पण ज्यांनीं टांकी चालविली त्यांतील बहुतेकांचीं नांवें नाहींशीं झालीं. शेजारच्या एरेक्थिऑन मंदिराच्या हिशेबाच्या शिळा मात्र पुष्कळ बोलक्या आहेत. तें मंदिर थोड्याच वर्षांनंतरचें. तेथें नागरिक, परगांवचे रहिवासी आणि गुलाम हे एकाच खांबावर शेजारीं शेजारीं काम करीत होते व रोजची एक ड्रॅक्मा हीच मजुरी सर्वांच्या नांवें लिहिलेली आढळते. अर्थात् गुलामाची मजुरी त्याच्या धन्याकडे जात असे. लोकसत्तेचा अभिमान बाळगणाऱ्या त्या नगरांत स्त्रियांस व गुलामांस सभेंत मत नव्हतें. पार्थेनॉनची स्तुति करतांना हेंही सांगितलें पाहिजे.

ह्यापुढें मंदिरानें अनेक राज्यें पाहिलीं. इ. स. पहिल्या शतकाच्या मध्यास प्रेषित पौल अथेन्सला आला. त्याचें तेथील भाषण 'प्रेषितांचीं कृत्यें' ह्या पुस्तकाच्या १७ व्या अध्यायांत दिलें आहे. ज्या अरीयपगाचें नांव त्या अध्यायांत येतें, ती टेकडी आक्रोपोलिसच्या अगदीं लगत आहे. सृष्टिकर्त्यास मनुष्याच्या हातच्या मंदिराची गरज नाहीं, हा त्याच्या बोलण्याचा आशय. हें तो बोलला तेव्हां पार्थेनॉनला सुमारें पांचशें वर्षें झालीं होतीं. पुढें रोमन साम्राज्य ख्रिस्ती झाल्यावर, पांचव्या शतकाचा अखेर किंवा सहावें शतक ह्या सुमारास, ह्याच मंदिराचें ख्रिस्तमंदिर झालें. पूर्वेचें दार बंद करून तेथें वेदीची अर्धवर्तुळाकार जागा केली व प्रवेश पश्चिमेकडून ठेविला. हें करतांना पूर्वेकडील कांहीं मूर्ति काढण्यांत आल्या. पुष्कळ शिल्पफलकही छिन्नविच्छिन्न झाले, आणि तेंही त्या काळच्या ख्रिस्ती लोकांचेंच काम असावें असें विद्वानांचें मत आहे. परंतु वापरांत राहिल्यामुळें इमारत टिकली, हेंही तितकेंच खरें. ती प्रभूची माता मरिया हिच्या नांवें अर्पिलेली होती. दुसरा बेसिल बादशहा १०१८ सालीं विजयाबद्दल आभार मानण्यास येथें आला होता. त्या काळच्या भाविकांनीं खांबांवर कोरलेले दोनशेंहून अधिक लेख अद्याप आहेत. १४५८ सालीं अथेन्स तुर्कांच्या हातीं गेल्यावर मंदिराची मशीद झाली व एका कोपऱ्यास मनोरा उभा राहिला. देव बदलले, भाषा बदलल्या, पण भिंती व खांब उभेच होते.

इमारतीचा घात झाला तो एका संध्याकाळीं. १६८७ सालीं व्हेनिसच्या सैन्यानें मोरोसिनी ह्या सेनापतीच्या हाताखालीं अथेन्सला वेढा दिला. तुर्कांनीं आपली दारू पार्थेनॉनमध्यें सांठविली होती व बायकामुलांनींही तेथेंच आसरा घेतला होता. २६ सप्टेंबर रोजीं तोफेचा एक गोळा छप्पर फोडून आंत पडला आणि दारूनें पेट घेतला. मधल्या भिंती उडाल्या, दोन्ही लांब बाजूंचे अनेक खांब कोसळले, छप्पर नाहींसें झालें, आणि सुमारें तीनशें माणसें मेलीं असें सांगतात. जय मिळाल्यावर मोरोसिनीनें पश्चिमेकडील कांहीं मूर्ति विजयचिन्ह म्हणून नेण्याचा प्रयत्न केला. दोर तुटून त्या खालीं पडल्या व फुटल्या. आणि एवढें करून लाभ काय झाला? पुढच्याच वर्षीं व्हेनिसचें सैन्य अथेन्स सोडून निघून गेलें. एकवीस शतकें टिकलेली वस्तु जिंकणाराच्याही कामीं आली नाहीं.

उरलेल्या शिल्पांची कथा अद्याप संपलेली नाहीं. तुर्की दरबारांतील ब्रिटिश वकील लॉर्ड एल्गिन ह्याच्या माणसांनीं १८०१ पासून कांहीं वर्षांत बरींच शिल्पें काढून इंग्लंडला पाठविलीं. शिल्पफलक सोडवितांना वरचे चिरे मोडले. शिल्पपट्टाचे जाड चिरे वजनास हलके व्हावे म्हणून त्यांची पाठ करवतीनें कापून टाकली. १८१६ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें हा संग्रह ३५,००० पौंडांस विकत घेतला आणि तो लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें ठेविला. एल्गिनला सरकारी परवानगी होती व त्यामुळें शिल्पें वांचलीं, असें एक पक्ष म्हणतो. परक्या सत्तेच्या परवानगीनें दुसऱ्याचा वारसा नेतां येत नाहीं, असें ग्रीस म्हणतो. २००९ सालीं अथेन्समध्यें टेकडीच्या पायथ्याशीं नवें संग्रहालय उघडलें. त्याच्या वरच्या दालनांत मूळ शिल्पें मंदिरावरील क्रमानेंच लाविलीं असून, जीं परदेशांत आहेत त्यांच्या जागीं साच्यांतून काढलेल्या प्रतिकृति ठेविल्या आहेत. २०२३ सालीं पोप फ्रान्सिस ह्यांनीं व्हॅटिकन येथील तीन तुकडे अथेन्सला परत दिले.

आतां त्या लोखंडी कड्यांकडे परत जाऊं. १८९४ च्या भूकंपानंतर बालानोस ह्या ग्रीक अभियंत्यानें १८९८ पासून १९३३ पर्यंत टप्प्याटप्प्यानें मंदिराची डागडुजी केली व पडलेले खांब पुन्हां उभे केले. हेतु चांगला होता. परंतु त्याच्या कामगारांनीं चिऱ्यांत लोखंड घातलें, तें प्राचीन कारागिरांप्रमाणें शिशांत न बुडवितां. कांहीं वर्षांतच लोखंड गंजलें, गंजून फुगलें, आणि फुगून त्यानें संगमरवर आंतून फोडला! शिवाय अनेक चिरे मूळच्या जागीं न घालतां जेथें बसतील तेथें बसविले गेले. १९७५ सालीं ग्रीक सरकारनें तज्ज्ञांची एक समिति नेमिली, आणि पुढें तें काम उलगडून पुन्हां करण्यास आरंभ झाला. प्रत्येक चिऱ्याचीं मापें व खांचा तपासून त्याची खरी जागा शोधली गेली. गंजलेल्या लोखंडाऐवजीं न गंजणारा टायटेनियम धातु घातला. जेथें चिरा अपुरा होता, तेथें त्याच पेंटेलिकॉन डोंगराचा दगड जोडला, तोही असा कीं उद्यां कोणास अधिक ज्ञान झालें तर जुन्या दगडास इजा न होतां तो काढतां यावा. ज्या ठिकाणीं प्राचीन शिसें शाबूत होतें, तेथें त्याच्या आंतील लोखंड चोवीस शतकांनंतरही सुस्थितींत आढळलें.

वर जो प्रश्न आम्हीं मांडला होता, त्याचें उत्तर ह्या दोन प्रकारच्या कड्यांत आहे. दोन्ही लोखंडाच्याच होत्या, दोन्ही चिऱ्याखालीं झांकलेल्या होत्या, आणि बाहेरून पाहणाऱ्यास दोहोंत कांहीं फरक कळला नसता. एकींत कडीभोंवतीं शिसें ओतण्याचा कंटाळा कोणीं केला नाहीं. दुसरींत तो केला गेला. पहिलीनें चोवीस शतकें दगड धरून ठेविला, दुसरीनें एका पिढींत तो फोडला. पार्थेनॉनची थोरवी त्याच्या आकारांत नाहीं, सोन्यांत तर नाहींच. सोनें केव्हांच गेलें. ती थोरवी झांकलेल्या खांचांत, मूर्तींच्या पाठींत आणि दगडावर कोरलेल्या हिशेबांत आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें इमारती बांधतील, कोणी हिशेब लिहितील, कोणी मुलांस शिकवितील. प्रत्येकाच्या कामांत परीक्षकाच्या दृष्टीस न पडणारी एक बाजू असेलच. ती कशी करावी हें अथेन्सच्या त्या नांव नसलेल्या पाथरवटांनीं करून ठेविलें आहे, आणि तें अजून उभें आहे.